पैशाची अट नसेल, तर कुठला पदार्थ कपाटात ठेवाल?

कुपीघर

मंडळी, समजा पैशाची अटच नाही. जगातला कुठलाही पदार्थ, कितीही महाग आणि कितीही दुर्मीळ, पण एकच, तुमच्या कपाटात आणून ठेवायचा आहे. कोणता ठेवाल? किती ठेवाल? आणि ठेवाल कशात?

मी मूलद्रव्यं जमवते. आवर्तसारणीच्या मांडणीचं कपाट करून घेतलं आहे, प्रत्येक मूलद्रव्याला एक कप्पा. विकत मिळण्यासारखं बहुतेक सगळं आलं आहे. आता उरलेत ते पैसे असूनही न भरणारे कप्पे, आणि मन सारखं तिथेच घुटमळतं.

आधी जे आहे त्याबद्दल सांगते, म्हणजे प्रश्न का पडला ते कळेल. ऑस्मियमचा एक मणी आहे, वाटाण्यापेक्षाही लहान. उजेडात धरला की करड्या रंगावर निळसर झाक दिसते. घनता घन सेंटीमीटरला २२.५९ ग्रॅम, म्हणजे शिशाच्या जवळजवळ दुप्पट. बोटांच्या चिमटीत धरल्यावर मेंदूचा अंदाज चुकतो आणि हात नकळत खाली जातो. भुकटीच्या रूपात मात्र हे द्रव्य घरात नको. भुकटीचा हवेशी संयोग होऊन विषारी टेट्रॉक्साइड तयार होतं. घट्ट मणी बिनधोक.

त्याच्या शेजारी सिझियम, काचेच्या बंद कुपीत. ते २८.५ अंशांना वितळतं, त्यामुळे तळहाताची ऊब पुरते. काचेला चिकटलेली सोनेरी काटेरी नक्षी आधी कडेने सैल होते, मग मधला भाग घसरतो, आणि एकाएकी आत पातळ सोनं इकडून तिकडे धावायला लागतं. कुपी खाली ठेवली की थोड्या वेळाने पुन्हा काटे उमटतात. घरी आलेल्या प्रत्येकाला मी हे दाखवते आणि दर वेळी स्वतःही पाहत बसते.

महागाईचं म्हणाल तर ऱ्होडियमने मला खूप शिकवलं. २०१६ मध्ये ते सोन्यापेक्षा स्वस्त होतं, आणि २०२१ मध्ये त्याचा भाव सोन्याच्या पंधरा पटींच्या पुढे गेला. पदार्थ तोच, चकाकी तीच. जगातलं बहुतेक ऱ्होडियम गाड्यांच्या धुराड्यातले वायू स्वच्छ करायला लागतं, ते निघतं मोजक्या खाणींतून, आणि तेही प्लॅटिनमच्या मागे मागे. त्यामुळे भाव नुसता उसळ्या मारतो. कपाटातल्या मण्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

थुलियमचा तुकडा त्याहून स्वस्त, पण माझ्या लेखी तो मोलाचा. चार्ल्स जेम्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास शुद्ध थुलियमसाठी एकच क्षार सुमारे १५,००० वेळा पुन्हा पुन्हा स्फटिकरूपात आणला. विरघळवायचा, थंड करायचा, गाळायचा, परत विरघळवायचा. आज तो धातू पाकिटात घालून पाठवतात. मला त्या तुकड्यात ते पंधरा हजार गाळप दिसतात.

आता उरलेले कप्पे. फ्रान्शियम, अ‍ॅस्टटिन, अ‍ॅक्टिनियम, प्रोटॅक्टिनियम, आणि युरेनियमच्या पुढची ती सगळी ओळ. मनातल्या मनात मी सर्वात आधी एक ग्रॅम कॅलिफोर्नियम-२५२ मागवलं. मग आकडे मांडत बसले. त्याच्या एका मायक्रोग्रॅममधून सेकंदाला २३ लाखांच्या आसपास न्यूट्रॉन बाहेर पडतात. म्हणजे ग्रॅममधून सेकंदाला दोन लाख कोटींहून जास्त. त्याच्यासाठी जाड काँक्रीटची किंवा खोल पाण्याची खोली बांधायची, आणि त्या खोलीत आपण जायचंच नाही. वर अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, अवघं २.६ वर्षांचं. दहा वर्षांनी जेमतेम ७ टक्के उरेल, आणि बाकीच्यातलं बहुतेक क्युरियम-२४८ झालेलं असेल. कप्प्यावरची चिठ्ठीच बदलावी लागेल!

तेव्हा माझी अट अशी: डोळ्यांना दिसेल आणि मी जिवंत असेपर्यंत नाव बदलणार नाही, असं काहीतरी. ही अट तुम्हाला पटते का? की एखादा अणू जरी आपल्याकडे असला तरी ‘आहे’ म्हणायचं? विचार करून लिहा, घाई नाही.

खडकफोड्या

ताई, मी खनिजं जमवतो, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: फ्रान्शियमचा कप्पा तुम्ही उद्याही भरू शकता. पिचब्लेंडचा, म्हणजे युरेनियमच्या खनिजाचा, एक लहानसा खडा ठेवा.

हिशोब करून दाखवतो. खड्यात एक ग्रॅम युरेनियम आहे असं धरू. त्यातलं ०.७२ टक्के युरेनियम-२३५. त्याच्या ऱ्हासाच्या साखळीत पुढे अ‍ॅक्टिनियम-२२७ येतं, आणि त्यातले १.३८ टक्के अणू फ्रान्शियम-२२३ होतात. जुना, न बिघडलेला खडा असेल तर साखळी समतोलात असते, म्हणजे त्यातल्या प्रत्येक मूलद्रव्याचे जितके अणू बनतात तितकेच संपतात, म्हणून त्यात दर सेकंदाला साधारण ८ फ्रान्शियम अणू जन्माला येतात. प्रत्येकाचं अर्धायुष्य २२ मिनिटं. जन्म-मृत्यूचा मेळ घातला की कुठल्याही क्षणी त्या खड्यात पंधरा हजारांच्या आसपास फ्रान्शियम अणू हजर असतात.

१९३९ मध्ये मार्गरीत पेरे यांना हे मूलद्रव्य सापडलं तेही अ‍ॅक्टिनियमचा ऱ्हास तपासताना, म्हणजे याच वाटेने. तेव्हा ही पळवाट आहे असं मुळीच मानू नका. निसर्गात फ्रान्शियम असंच असतं, खडकात, येता-जाता.

अ‍ॅक्टिनियमही त्याच खड्यात. प्रोटॅक्टिनियमही. अ‍ॅस्टटिनचेही मोजके अणू. एक खडा आणि चार कप्पे. फक्त खडा बंद डबीत ठेवा, खोली हवेशीर असू द्या, कारण त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो. आणि तुमच्या देशात किती युरेनियम बाळगायला परवानगी आहे ते आधी बघा.

कुपीघर

खडकफोड्या, हा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. सेकंदाला आठ! खड्याकडे बघताना आता माझ्या डोक्यात हेच चालणार. पण दिसत तर नाहीत ना? खडा दिसतो, काळा, जड, डांबरासारखी चकाकी असलेला. मी ‘फ्रान्शियम’ अशी चिठ्ठी लावली तर बघणारा खड्यालाच फ्रान्शियम समजेल. ‘यात फ्रान्शियम आहे’ असं लिहीन. तेवढं खरं आहे.

किरणमापे

किरणोत्सारी पदार्थांच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं गेली, म्हणून चार शब्द.

डोळ्यांना दिसलंच पाहिजे ही अट अ‍ॅस्टटिनला लावूच नका. १९४० मध्ये कॉर्सन, मॅकेन्झी आणि सेग्रे यांनी बिस्मथवर अल्फा कणांचा (हेलियमच्या अणुकेंद्रकांचा) मारा करून ते बनवलं. त्यातला सर्वात टिकाऊ समस्थानिकसुद्धा ८.१ तासांत निम्मा होतो. दिसण्याइतका तुकडा जमवलाच, तर तो स्वतःच्या उष्णतेने वाफ होऊन जाईल. म्हणून त्याचा रंग आजवर कुणीही पाहिलेला नाही. बँकेत कितीही पैसा असो, हे दृश्य विकत मिळत नाही. आम्हा लोकांना मात्र हे मूलद्रव्य फार जवळचं. अ‍ॅस्टटिन-२११ कर्करोगाच्या पेशींपर्यंत नेऊन तिथेच त्याचे अल्फा कण खर्ची घालायचे, यावर आज गंभीरपणे काम चालू आहे. सात-सव्वासात तासांचं अर्धायुष्य तिथे गुणाचं ठरतं.

उष्णतेचंच घ्या. पोलोनियम-२१० चा एक ग्रॅम १४० वॅट उष्णता देतो. अर्ध्या ग्रॅमची कुपी आपसूक ५०० अंशांच्या वर तापते. काचेचं आणि लाकडाचं कपाट विसरा.

किमतीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. या पदार्थांत पैसा असतो तो वेळेचा. बर्केलियमची गोष्ट ऐका. मूलद्रव्य ११७ बनवायला बर्केलियम-२४९ हवं होतं. अमेरिकेतल्या ओक रिजच्या अणुभट्टीत २५० दिवस मारा केला, मग ९० दिवस ते बाकीच्या गाळातून वेगळं काढलं. हाती आलं २२ मिलिग्रॅम. त्याचं अर्धायुष्य ३३० दिवसांच्या आसपास, म्हणजे तयार झाल्या क्षणापासून घड्याळ चालू. ते रशियातल्या दुब्ना इथे पाठवायचं होतं, तर कागदपत्रं अपुरी म्हणून पार्सल परत आलं, पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं. अटलांटिक महासागर पाच वेळा ओलांडून ते एकदाचं पोहोचलं. आणि त्या सगळ्यातून, महिनोन्‌महिने मारा करून, नव्या मूलद्रव्याचे अणू मिळाले सहा. २०१० मध्ये ते जाहीर झालं, तेव्हा मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली होती.

ते सहा अणू कुणाच्या कपाटात नाहीत, काही क्षणांत संपलेही. पण सहा अणूंसाठी इतकी माणसं इतकं काटेकोर वागली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तुमच्यासाठी व्यवहारी सूचना: अमेरिशियमचा कप्पा रिकामा असेल तर जुन्या पद्धतीचा स्मोक डिटेक्टर आख्खाच ठेवा. त्यात अमेरिशियम-२४१ असतं, मायक्रोग्रॅमच्या एक तृतीयांशाहूनही कमी. उघडू नका, आतली टिकली काढू नका. अर्धायुष्य ४३२ वर्षं, तेव्हा नाव बदलायची चिंता नाही.

निर्वात

माझं उत्तर: प्रतिद्रव्य, म्हणजे साध्या द्रव्याचं उलट विद्युतभाराचं जुळं रूप. मूलद्रव्यांच्या पलीकडे जाऊ या की!

कशात ठेवायचं हा ताईंचा तिसरा प्रश्न इथेच खरा रंगतो, कारण भिंत असलेल्या कुठल्याही भांड्यात ते ठेवता येत नाही. भिंतीला लागलं की दोन्ही नाहीसे. म्हणून जवळजवळ संपूर्ण निर्वातात, चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांच्या पकडीत ते अधांतरी धरून ठेवायचं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या ‘बेस’ नावाच्या प्रयोगाने प्रतिप्रोटॉन असे ४०५ दिवस सांभाळले. मोजकेच कण, पण वर्षाहून जास्त. प्रतिहायड्रोजन २०११ मध्ये तिथल्याच ‘अल्फा’ नावाच्या प्रयोगाने १००० सेकंद धरून ठेवला. आणि २०२३ मध्ये त्याच मंडळींनी तो सोडून पाहिला, तर तो खालीच पडला, आपल्या साध्या द्रव्यासारखा. मला या निकालाचा मनापासून आनंद झाला. अपेक्षित होतं, पण अपेक्षित असणं आणि पडताना पाहणं यात फरक आहे.

एक ग्रॅम मागू नका मात्र. एक ग्रॅम प्रतिद्रव्य आणि एक ग्रॅम साधं द्रव्य भेटले तर ४३ किलोटनांची ऊर्जा बाहेर पडते, हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळजवळ तिप्पट. वीज गेली की घर गेलं, आणि त्याबरोबर सगळं शहर.

मला शंभर प्रतिप्रोटॉन पुरेत. पकड चालू असल्याचा दिवा दिसला तरी मी रोज त्यांना बघितल्यासारखं समजेन.

जुनी वही

‘आपलं असणं’ म्हणजे काय, यावर या क्षेत्रात एक घटना घडून गेली आहे आणि ती इथे यायलाच हवी.

मारी क्यूरींनी टनावारी खनिज उकळून १९०२ मध्ये रेडियम क्लोराइडचा ग्रॅमचा दहावा भाग मिळवला. रेडियम काढण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यांनी आणि पिएर यांनी घेतलं नाही. पुढे रेडियमला इतका भाव आला की संशोधनासाठी आणखी एक ग्रॅम विकत घेणं खुद्द मारींनाच शक्य होईना. अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून एक लाख डॉलर उभे केले. मे १९२१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते तो ग्रॅम त्यांना देण्यात आला. प्रत्यक्ष हातात दिली गेली ती शिशाने मढवलेल्या पेटीची किल्ली.

त्याच्या आदल्या संध्याकाळी दानपत्र त्यांच्यासमोर आलं. ते त्यांच्या नावावर होतं. त्यांनी हरकत घेतली: मी गेल्यावर हा ग्रॅम माझ्या मुलींची खासगी मालमत्ता होईल, आणि तसं होता कामा नये. ही देणगी प्रयोगशाळेची आहे. उद्या-परवा करू असं कुणी सुचवलं, तर त्यांनी ऐकलं नाही. त्याच रात्री वकील शोधून मजकूर बदलून घेतला.

जगातला सर्वात महाग पदार्थ समोर होता, आणि तो आपल्या नावावर नको म्हणून त्या बाईंनी लोकांना रात्री कामाला लावलं. मी स्वतः जुन्या शास्त्रीय उपकरणांचा संग्राहक आहे, जमवण्याची ओढ मला चांगली कळते, आणि तरी मला वाटतं की त्या ग्रॅमवर हक्क सांगण्याची याहून सुंदर रीत नव्हती.

ताईंच्या अटीबद्दल: रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. १९२१ चा ग्रॅम आज असता तर शंभर वर्षांत चार-साडेचार टक्केच कमी झाला असता. नाव टिकतं. पण तो जिथे ठेवला तिथलं सगळं बाधित होतं. क्यूरींच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत आहेत.

चांदणचूर

कुणी चंद्राचं नाव कसं घेतलं नाही? अपोलोच्या यानांनी आणलेले ३८२ किलो दगड-माती खासगी मालकीत जात नाहीत. पण सोव्हिएत ल्यूना-१६ ने १९७० मध्ये आणलेले तीन कण, तिन्ही मिळून ०.२ ग्रॅम, सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे दिवंगत मुख्य अभियंता सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या पत्नीला भेट दिले गेले होते. ते १९९३ मध्ये लिलावात ४,४२,५०० डॉलरला गेले आणि २०१८ मध्ये पुन्हा ८,५५,००० डॉलरला. दिसतात, नाव बदलत नाहीत, किरणांचा त्रास नाही. ताईंच्या सगळ्या अटी पूर्ण. एवढे पैसे नसतील तर चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेले अशनी आहेत, त्यांचा चिमूटभर तुकडा सामान्य संग्राहकालाही झेपतो. माझ्याकडे आहे, नखाएवढा, करड्यात पांढरे ठिपके.

कुपीघर

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! जुनी वही, तुमचा प्रतिसाद वाचून मी कपाटासमोर जाऊन बसले. माझ्या मागे हे कपाट कुठे जाणार हे मी अजून लिहून ठेवलेलं नाही. ते करते. एखाद्या शाळेला द्यायचं मनात आहे, सिझियम बघून मुलांचे डोळे कसे होतात ते मला माहीत आहे.

नाव न बदलण्याच्या अटीबद्दल थोडं. बिस्मथला आपण स्थिर म्हणत आलो, पण २००३ मध्ये कळलं की तेही किरणोत्सारी आहे. अर्धायुष्य मात्र २ वर एकोणीस शून्यं, तेवढी वर्षं. विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहूनही जास्त. माझ्या कपाटातला बिस्मथचा इंद्रधनुषी स्फटिक मला आता जास्तच आवडतो. म्हणून ‘मी जिवंत असेपर्यंत’ एवढीच अट ठेवली होती, आणि ती मी सोडत नाही.

तर माझं उत्तर ठरलं: प्रोटॅक्टिनियम, एक ग्रॅम. १९६१ मध्ये ब्रिटनच्या अणुऊर्जा विभागाने ६० टन टाकाऊ मालातून सुमारे १२५ ग्रॅम शुद्ध प्रोटॅक्टिनियम काढलं, आणि कितीतरी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा त्याच साठ्यातून थोडं थोडं घेत राहिल्या. चंदेरी धातू, डोळ्यांना दिसणारा, अर्धायुष्य ३२,७६० वर्षं. साठ टनांतून सव्वाशे ग्रॅम, म्हणजे माझ्या एका ग्रॅममागे जवळजवळ अर्धा टन गाळ. थुलियमच्या शेजारी शोभेल. किरणमापे, कशात ठेवू तेवढं सांगा. कल्पनेतलं असलं तरी नीट ठेवायचं आहे.

किरणमापे

निवड फार आवडली. क्वार्ट्‌झच्या कुपीत, आर्गॉन भरून, वितळवून बंद करायचं. ती कुपी दुसऱ्या कुपीत, आणि दोन्ही शिशाच्या जाड डबीत, बघायला शिसेयुक्त काचेची खिडकी. हा धातू हवेतही बराच वेळ चकाकी टिकवतो, पण त्याची धूळ एक कणही श्वासात जाता कामा नये, म्हणून दोन कुप्या.

आणि आतल्या कुपीत वर थोडी मोकळी जागा ठेवा, कारण अल्फा कण साठून हेलियम तयार होत राहणार. ऱ्हास होऊन बनतं ते अ‍ॅक्टिनियम-२२७, त्याचं अर्धायुष्य २१.८ वर्षं. म्हणजे वीस-बावीस वर्षांत ते निम्म्या समतोलाला पोहोचेल, आणि त्याच्यामागून १.३८ टक्क्यांच्या वाटेने फ्रान्शियम. मी आत्ता मांडून पाहिलं: तेव्हा तुमच्या एका ग्रॅममध्ये कुठल्याही क्षणी फ्रान्शियमचे २,३०० कोटींच्या आसपास अणू असतील. खडकफोड्यांच्या खड्यात पंधरा हजार होते. डबीबाहेरचे गॅमा किरणही वर्षागणिक वाढत जातील, तेव्हा शिसे पहिल्याच दिवशी बावीस वर्षांनंतरच्या हिशोबाने लावा.